टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधन मोजायचे कोणत्या मापाने?

मध्यरेषा

१९६५ या एकाच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिला कोलारच्या सोन्याच्या खाणीतला. जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर संस्थेच्या चमूने जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह उपकरणे बसवली होती. वैश्विक किरणांपासून निघालेले बहुतेक सारे कण वरचा खडक अडवतो; तरीही जे थोडे कण नोंदले गेले त्यांत वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या (खडकातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या कणांच्या) खुणा त्यांना सापडल्या. दुसरा निबंध एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री या गणितज्ञांचा. रीमान पृष्ठभागावरील ‘स्थिर’ व्हेक्टर बंडल ही बैजिक भूमितीतली रचना, आणि त्या पृष्ठभागाच्या मूलभूत गटाची युनिटरी रिप्रेझेंटेशन्स ही वरवर पाहता अगदी निराळी वस्तू, या दोन्ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत असे त्यांनी सिद्ध केले.

संस्थेच्या त्या वर्षाच्या यादीत हे दोन निबंध म्हणजे दोन ओळी. आज नियतकालिकांची पत ज्या इम्पॅक्ट फॅक्टरने ठरवतात, तो मागील दोन वर्षांतील लेखांचे चालू वर्षी किती वेळा संदर्भ घेतले गेले एवढेच पाहतो. नरसिंहन–शेषाद्री सिद्धान्ताचे पुढे काय झाले? १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसन यांनी त्याची अगदी वेगळ्या मार्गाने नवी सिद्धता दिली, भौतिकशास्त्रातील यांग–मिल्स समीकरणांशी त्याचे नाते उघड झाले, आणि त्यातून भूमितीची एक संपूर्ण शाखा फोफावली. २००६ चा किंग फैजल पुरस्कार नरसिंहन आणि डोनाल्डसन यांना विभागून मिळाला. निबंध आणि त्याची ही फळे यांत अठरा ते एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि दोन वर्षांच्या मापात त्यातले काहीही बसत नाही.

संस्थेचा इतिहास येथील बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगते. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. दोनेक दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्यातील युक्तिवाद होता. १९४५ मध्ये बंगळूरला काम सुरू झाले, त्याच वर्षी ते मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आले, १९४९ मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेले आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकावरील आजच्या इमारतीचे उद्घाटन झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे की या संस्थेचे उत्पादन शोधनिबंधांच्या संख्येत शोधू नये. तिच्या कामामुळे पुढे इतरांना काय करता आले, हे पाहावे. १९६० मध्ये पूर्ण झालेला टीफ्रॅक हा भारतात बांधलेला पहिला संपूर्ण अंकीय संगणक घ्या. ४० बिटांचे २,०४८ शब्द एवढीच त्याची स्मृती होती आणि चार-पाच वर्षांत सीडीसी ३६०० या आयात यंत्राने त्याची जागा घेतली. यंत्र म्हणून त्याचे आयुष्य लहान होते. मात्र ज्यांनी तो स्वतःच्या हातांनी जोडला त्यांच्या बळावर देशात संगणकशास्त्राची पहिली फळी उभी राहिली. त्याचप्रमाणे ओबेद सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये सुरू झालेला रेणवीय जीवशास्त्राचा छोटा विभाग घ्या. फळमाशीचे मज्जातंतू आणि गंधज्ञान यांवर तेथे जे काम झाले त्यातून पुढे बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मायक्रोवेव्ह व वैद्यकीय लिनॅक (उपचारांसाठीचे रेषीय कण-त्वरक) यांवर काम करणारी ‘समीर’ ही संस्था या साऱ्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे.

आपल्याला हे माप मान्य आहे का, आणि नसेल तर त्याऐवजी कोणते असावे, यावर चर्चा व्हावी.

शंकेखोर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातील युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. ‘आमचे काम तुमच्या मापात बसत नाही’ हे वाक्य उत्तम संस्था जितक्या सहजपणे उच्चारते तितक्याच सहजपणे निकामी संस्थाही उच्चारू शकते. ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या, म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालते. चाळीस वर्षांनी फळ येईल असे सांगून आज हिशेब मागणाऱ्याचे तोंड बंद करता येते, आणि चाळीस वर्षांनी हिशेब मागायला कोणी उरलेले नसते.

शिवाय आपण निवडलेली उदाहरणे यशाचीच आहेत. कोलारचा प्रयोग अमेरिकेच्या फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाबरोबरच चालला होता, आणि नोबेल मिळाले ते राइन्स यांना. आपण पहिले होतो तर ते आपल्याला का मिळाले नाही? बाहेर जाऊन मोठे झालेल्या माणसांचे श्रेय संस्थेला द्यायचे असेल, तर तिने ज्यांना बाहेर काढले त्यांचेही खाते तिच्याच नावावर लिहायला हवे. दामोदर कोसंबी हे त्यातले ठळक नाव. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करणारा हा गणिती १९४० च्या दशकापासून संस्थेत होता, आणि १९६२ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही.

समीकरण

शंकेखोर यांच्या प्रतिसादातील एक गोष्ट तपशिलाने दुरुस्त करायला हवी, कारण ती अनेक ठिकाणी वाचायला मिळते. राइन्स यांना १९९५ मध्ये मिळालेले नोबेल वातावरणीय न्यूट्रिनोंसाठी नव्हते. क्लाइड कोवान यांच्याबरोबर १९५६ मध्ये अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रिनो त्यांनी प्रथम पकडले, त्या प्रयोगासाठी ते होते. वातावरणीय न्यूट्रिनोंच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत काम करणारा राइन्स यांचा गट आणि कोलारचा गट यांचे निबंध दोन आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले, आणि कोलारचा आधीचा आहे.

नोबेल का नाही, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘पहिले कोण’ यात नाही, ‘पुढे काय’ यात आहे. १९८० पासून कोलारमध्ये प्रोटॉनचा ऱ्हास, म्हणजे तो कण आपोआप तुटून नष्ट होणे, शोधण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याचा शोधक, म्हणजे कण टिपणारे उपकरण (डिटेक्टर), १४० टनांचा होता. प्रोटॉनच्या ऱ्हासाच्या शक्य वाटणाऱ्या काही घटना त्यात नोंदल्या गेल्या, पण इतरत्र त्यांना दुजोरा मिळाला नाही. तीन वर्षांनी जपानमध्ये कामिओका खाणीत त्याच हेतूने शोधक उभा राहिला, आणि तो ३,००० टन पाण्याचा होता. प्रोटॉनचा ऱ्हास त्यालाही दिसला नाही. मात्र १९८७ मध्ये अतिनवताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो त्याने टिपले. त्यानंतरच्या ५०,००० टनांच्या सुपर-कामिओकांडेने १९९८ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोच आपले रूप पालटतात हे दाखवले, आणि २०१५ चे नोबेल त्या कामाला मिळाले. विषय कोलारचा, कण कोलारचे, परंतु आकारमान आणि सातत्य जपानचे. कोलारचे भूमिगत प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडले आणि २००१ मध्ये खाणच बंद झाली.

म्हणून मला वाटते की मध्यरेषा यांचे माप अपुरे आहे. ‘इतरांना काय करता आले’ याबरोबरच ‘आपल्याला स्वतःला पुढचे पाऊल का टाकता आले नाही’ हेही विचारले पाहिजे. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील नियोजित न्यूट्रिनो वेधशाळा पर्यावरण-परवानग्या आणि स्थानिक विरोध यांत वर्षानुवर्षे अडकून पडली आहे. तिकडे चीनमधील जुनो हा २०,००० टन द्रव वापरणारा शोधक २०२५ मध्ये कामालाही लागला. १९६५ ची कथा सांगताना हा उत्तरार्ध गाळला, की ती आत्मस्तुती होते.

कोसंबींविषयी थोडे. त्यांनी १९५९ मध्ये रीमान गृहीतकाची (गणितातील एका प्रसिद्ध, आजही न सुटलेल्या प्रश्नाची) सिद्धता मिळाल्याचा दावा केला आणि तो कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला. सिद्धता सदोष होती, आणि गणितवर्तुळातील त्यांच्या प्रतिमेला तिने मोठा धक्का दिला. दुसरीकडे, ज्या सूत्राने त्यांचे नाव आजही जनुकशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात आहे, ते जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र १९४४ चे, म्हणजे संस्थेत येण्यापूर्वीचे. आणि प्राचीन भारताच्या इतिहासावरचे त्यांचे सर्वांत प्रभावी लेखन संस्थेच्या पगारावर असताना झाले. हे लेखन टाटा संस्थेचे संशोधन-उत्पादन मानायचे की नाही? कोणत्याही क्रमवारीच्या कोष्टकात यासाठी रकाना नाही. १९६२ च्या निर्णयाबद्दल मी संस्थेचा बचाव करणार नाही, पण तो केवळ विद्वत्तेच्या मत्सरातून झाला असे जे सरसकट म्हटले जाते तेही अर्धवट आहे.

आलेख

मोजमाप हा माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे त्यातील यंत्रणा थोडी उलगडून सांगतो. निबंधसंख्या हे माप वाईट आहे हे सर्वांनाच मान्य असते. ते नेमके कसे वाईट आहे याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

२०१५ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळील युरोपीय कण-भौतिकी प्रयोगशाळेतील अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांची संख्या ५,१५४ होती. ३३ पानांच्या त्या निबंधात संशोधनाला ९ पाने आणि लेखकांच्या व संस्थांच्या नावांना २४ पाने लागली. टाटा संस्था सीएमएसची सदस्य आहे, त्या शोधकाचा बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा एक भाग) उभारण्यात तिचा प्रत्यक्ष वाटा आहे, त्यामुळे तिची नावे अशा निबंधांवर असणे पूर्णपणे रास्त आहे. पण संपूर्ण मोजणी, म्हणजे नाव असले की एक गुण, या पद्धतीने पाहिले तर सीएमएसच्या एकूण एक निबंधांचा आणि त्यांच्या हजारो संदर्भांचा पूर्ण लाभ जगातील प्रत्येक सदस्य संस्थेला मिळतो. एखादे विद्यापीठ केवळ एका गटाला सर्नमध्ये पाठवून क्रमवारीत वर चढू शकते, आणि चढलेलीही आहेत.

यावर उतारा म्हणून अपूर्णांकी मोजणी आली. दहा लेखक असतील तर प्रत्येकाला दशांश गुण. संस्थांची क्रमवारी देणारा नेचर इंडेक्स हे दोन्ही आकडे वेगवेगळे देतो आणि क्रम लावताना अपूर्णांक वापरतो. त्यात उलटा अन्याय होतो: ज्याने वीस वर्षे खपून शोधक बांधला त्याच्या वाट्याला एका गुणाचा पाच हजारावा भाग येतो.

आता त्याच संस्थेचे दुसरे टोक पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये पुण्याच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या पुढाकाराने एक निबंध आला. लेखक फक्त पाच, सारे भारतातील. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील अणुरूप हायड्रोजन मोजण्याचा तो प्रश्न होता. इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत कोणत्याही विद्यमान दुर्बिणीला सुटा ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. निघालेला निष्कर्ष असा, की त्या काळच्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण त्या तो इतक्या वेगाने ताऱ्यांत रूपांतरित करत होत्या की एक-दोन अब्ज वर्षांत तो संपावा. विश्वात तारे जन्मण्याचा वेग पुढे का मंदावला, याचे एक थेट कारण त्यातून मिळाले. यंत्र (जीएमआरटी ही केंद्राची रेडिओ दुर्बीण) इथले, कल्पना इथली, लेखक इथले. निबंधसंख्येच्या हिशेबात हा निबंध आणि ५,१५४ लेखकांचा निबंध यांना समान एक गुण मिळतो.

शंकेखोर यांच्या शंकेवर माझे मत असे आहे की माप नाकारण्याऐवजी ते विषयवार वेगळे करावे. गणित, कण-भौतिकी, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांच्या संदर्भ घेण्याच्या सवयीच इतक्या भिन्न आहेत की त्यांची बेरीज करून काढलेला एकच आकडा कोणाविषयीच काही सांगत नाही.

जुन्नरी

आलेख यांनी ज्या दुर्बिणीचा उल्लेख केला तिच्या पंचक्रोशीतला मी आहे. आमच्याकडे जीएमआरटी असे फारसे कोणी म्हणत नाही, ‘खोडदची दुर्बीण’ म्हणतात. नारायणगावहून खोडदकडे निघाले की द्राक्षाच्या बागांच्या पलीकडे प्रचंड तबकड्या दिसू लागतात. अशा एकूण ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतील १४ खोडदजवळ सुमारे एक किलोमीटरच्या चौरसात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर २५ किलोमीटरच्या पल्ल्यात पसरल्या आहेत.

तबकडी भरीव नाही, हे बाहेरच्या लोकांना जवळ आल्याशिवाय कळत नाही. ती पोलादी तारांची जाळी आहे. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते. त्यापुढे जाळीची एक-दोन सेंटिमीटरची भोके नगण्य ठरतात आणि त्या लहरींना जाळी म्हणजे आरसाच. उलट वाऱ्याला ती अडवत नाही, त्यामुळे खालचा सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च कित्येक पटींनी उतरतो. संस्थेतील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. त्याआधी १९७० मध्ये उटीला त्यांनी ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली ती अशाच हिकमतीने: डोंगराचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, असेल अशी जागा हुडकली, म्हणजे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून तारा तासन्‌तास धरून ठेवता आला. मला विचाराल तर या दोन रचनाच संस्थेचे सर्वांत मोठे संशोधन आहेत. यंत्राची रचना हेही ज्ञान आहे, पण निबंध मोजणाऱ्यांना ते दिसत नाही.

आता दुसरी बाजू. या दुर्बिणीला शांतता लागते, आणि ही शांतता रेडिओ लहरींची असते. परिसरात उद्योग उभारायचा तर त्या दृष्टीने ना-हरकत मिळवावी लागते. पुणे–नाशिक अर्ध-द्रुतगती रेल्वेची मूळ आखणी नारायणगाव परिसरातून होती. विजेवर धावणाऱ्या गाडीमुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल या कारणाने तिला हरकत घेतली गेली आणि दुसऱ्या मार्गाची चर्चा सुरू झाली. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना ही रेल्वे हवी होती. दुर्बीण नको असे येथे कोणी समंजस माणूस म्हणत नाही, पण संशोधनाची किंमत मोजायची तर केवळ अणुऊर्जा विभागाच्या खर्चात मोजू नये, तिच्यासाठी आमच्या तालुक्याने काय सोडले तेही धरावे. बदल्यात काय मिळते? दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बीण सर्वांसाठी खुली होते, जिल्ह्यातील शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात आणि तोबा गर्दी होते. ते मोलाचे आहे, पण रेल्वेची भरपाई त्याने होत नाही.

निवृत्त मास्तर

जुन्नरी यांनी शाळांचा विषय काढला म्हणून लिहितो. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले आणि व्ही. जी. कुलकर्णी त्याचे अध्वर्यू. आज ते ऑलिंपियाडमुळे प्रसिद्ध आहे. गणिताचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९९६ मध्ये आणि भौतिकशास्त्राचे २०१५ मध्ये मुंबईत झाले त्यामागेही हेच केंद्र होते. मला मात्र त्याचे सुरुवातीचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. मुंबई महापालिकेच्या शाळांतील वंचित घरांमधली मुले विज्ञानात मागे का पडतात, हा प्रश्न त्यांनी प्रयोग करून तपासला. मुलांच्या बुद्धीत खोट नाही, पाठ्यपुस्तकाची भाषा आणि शिकवण्याची पद्धत त्यांना परकी आहे, असे त्यांच्या हाती आले, आणि पुरेशी मदत मिळाल्यावर शालान्त परीक्षेत या मुलांनी चांगले यश मिळवून दाखवले. मराठीत विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना यातून जे मिळाले ते कोणत्याही आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधू गेल्यास फारसे सापडणार नाही.

शंकेखोर

समीकरण यांनी राइन्स यांच्याविषयी केलेला खुलासा मान्य आहे, आणि त्यांनी मांडलेला उत्तरार्ध माझ्याच मुद्द्याला बळ देतो. जुन्नरी यांनी जे लिहिले ते या धाग्यात आधीच यायला हवे होते.

एक मूलभूत आक्षेप अजून कोणी हाताळलेला नाही. स्वातंत्र्यानंतर उत्तम संशोधक आणि निधी विद्यापीठांबाहेरच्या संस्थांत गेला. मुंबई विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग आणि कुलाब्याची संस्था एकाच शहरात, पण दोन्हींच्या साधनसामग्रीत जमीन-अस्मानाचा फरक. टाटा संस्थेचे संशोधन मोजताना, तोच पैसा आणि तीच माणसे विद्यापीठांत असती तर काय झाले असते, हे वजा करायला नको का?

समीकरण

हा आक्षेप जुना आणि सबळ आहे. त्यावर दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. अनेक वर्षे टाटा संस्थेतील विद्यार्थ्यांना पीएच.डी. पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळत असे. अभिमत विद्यापीठाचा दर्जा बराच उशिरा, या शतकाच्या सुरुवातीला आला. म्हणजे नाते होते, पण ते पदवीच्या कागदापुरते राहिले. या त्रुटीची जाण संस्थेच्या आतल्या माणसांनाही होती. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून टाटा संस्थेत आले आणि १९८९ पर्यंत तेथे होते. त्यानंतर त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली ती मुद्दाम आंतर-विद्यापीठ केंद्र म्हणून, देशभरच्या विद्यापीठांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना येऊन काम करता यावे यासाठी. नारळीकरांचे मराठी लेखन आपल्या सर्वांना परिचित आहे, पण माझ्या मते ही संस्थात्मक दुरुस्ती हे त्यांचे त्याहून मोठे योगदान आहे.

दुसरी गोष्ट अशी की काही कामे विद्यापीठाच्या चौकटीत झालीच नसती. संस्थेतील अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळेने बिस्मथ हा धातू ०.०००५३ केल्व्हिनच्या (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाच्या) खाली अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा, होतो हे दाखवले आणि ते काम २०१६ च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’मध्ये आले. बिस्मथमध्ये सुटे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात, लाखभर अणूंमागे एखादा, की अतिवाहकतेचा प्रस्थापित सिद्धान्त तेथे लागूच पडत नाही. हे मापन करणारे शीतयंत्र तिथल्याच माणसांनी वर्षानुवर्षे खपून घडवले. दर तीन वर्षांनी प्रकल्पाचा हिशेब देणाऱ्या विभागाला अशी चैन परवडत नाही. आता ही चैन सर्वांना मिळावी की कोणालाच नको, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे.

आलेख

मध्यरेषा यांच्या मापातही एक सांख्यिकीय अडचण आहे, ती नोंदवतो. जी संस्था मुळातच देशातील सर्वांत हुशार मुले निवडते, तिच्यातून बाहेर पडलेले लोक पुढे मोठे झाले, तर त्यात संस्थेचा वाटा किती आणि निवडीचा किती हे वेगळे कसे करणार? नरसिंहन आणि शेषाद्री १९५३ मध्ये मद्रासहून आले तेव्हा लॉयोला कॉलेजच्या फादर रॅसिन यांनी त्यांना आधीच आधुनिक गणिताची गोडी लावलेली होती. ते श्रेय कोणाच्या खात्यावर?

मध्यरेषा

आलेख यांचा प्रश्न योग्य आहे. निवड आणि घडण पूर्णपणे वेगळी करता येणार नाही. तरी एक निकष सुचवते: संस्थेत नसते तर जे करणे हुशारीच्या बळावरही शक्य झाले नसते, तेवढेच तिच्या खात्यावर धरावे. नरसिंहन आणि शेषाद्रींची गोडी रॅसिन यांची, हे निर्विवाद. पण संस्थेतील गणित विभागाचे प्रमुख के. चंद्रशेखरन यांनी जगातील अग्रगण्य गणितज्ञांना मुंबईत आणून महिनोन्‌महिने व्याख्याने द्यायला लावली, विद्यार्थ्यांना त्या व्याख्यानांच्या टिपणांचे लेखन करायला लावले, आणि ती टिपणे जगभर गेली. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात बसून पन्नासच्या दशकात हे कोणाला मिळाले असते? त्याच तर्काने उटीची दुर्बीण, बिस्मथचे शीतयंत्र आणि कोलारची प्रयोगशाळा संस्थेच्या खात्यावर येतात. सीएमएसच्या निबंधांपैकी फारच थोडा भाग येतो. कोसंबींचे जनुकीय सूत्र येत नाही.

याच निकषावर अलीकडचे एक काम बसते. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात वैश्विक किरणांतून येणारे म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण त्याहून जड कण) वर्षानुवर्षे मोजले जातात. १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी वादळात म्यूऑनांची संख्या थोडी घटली. त्या घटीवरून ढगातील विद्युत-विभवांतर १.३ अब्ज व्होल्टपर्यंत गेले असावे असा हिशेब निघाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रयोग ढगांसाठी उभारलेलाच नव्हता. न थांबता चालू ठेवलेली मोजणी हाताशी होती, म्हणून तो प्रश्न विचारता आला.

समीकरण यांनी दिलेला उत्तरार्ध मी मूळ लेखात घ्यायला हवा होता असे मला वाटत नाही, कारण कोलार मागे का पडले हा निधी, खाणीचे अर्थकारण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य यांचा स्वतंत्र विषय आहे. मात्र त्यावर त्यांनी वेगळा धागा काढावा अशी विनंती करते. जुन्नरी यांच्या रेल्वेच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गाचा व्यत्यय नेमक्या कोणत्या वारंवारितांवर आणि किती अंतरापर्यंत पोहोचतो, पडदे किंवा बोगदे यांनी तो किती कमी करता येतो, हे तांत्रिक बाजूने समजावून सांगणारे कोणी सदस्य असतील तर त्यांनी येथेच लिहावे.